गाईच्या गळ्यातलं लोढणं

शाळेत उभा जन्म पोरांची भांडणं सोडवण्यात गेला, म्हणून मला वाटलं, हेही जमेल. दोन शहाण्या बायकांचं भांडण, तेही एका ओंडक्यावरून. त्यात किती वेळ जाणार? वर्ष गेलं.

एक बाजू माझ्या चुलत सासूबाईंची. आम्ही त्यांना काकी म्हणतो. पोलादपूरच्या वर डोंगरात एकट्या राहतात, मुलं मुंबईला. सोबतीला एक तांबडी गाय, अतिशय ओढाळ. म्हणून काकींनी तिच्या गळ्यात लोढणं बांधलेलं. हातभर लांबीचा लाकडाचा ओंडका पुढच्या पायांमध्ये लोंबतो. गाईला चालता येतं, चरता येतं, पळायला गेली की तो गुडघ्यांवर आपटतो.

दुसरी बाजू महाडची. माझीच जुनी विद्यार्थिनी, औषधाच्या दुकानात काम करते आणि उरलेल्या वेळात जखमी कुत्री, गुरं सांभाळते. मीच हौसेने तिला काकींकडे नेलं आणि तिने गाईचे सोललेले गुडघे पाहिले. झालं.

"बाई, त्यांना सांगा, हा छळ आहे. मी तक्रार करीन."

"तिला सांग, आदी चार दिस शेण काडायला ये. मंग बोल."

मधे मी. हिचं तिला सांगायचं, तिचं हिला, तेही धार बोथट करून. कायदा म्हणजे काय ते काकींना समजावलं, शेतकऱ्याची अडचण म्हणजे काय ते पोरीला समजावलं. दोघी माझं नीट ऐकून घ्यायच्या आणि पुन्हा तेच बोलायच्या. या पोरीला मी शाळेत शिकवलं तरी काय, असं वाटायचं. काकींना तर काही वाटतच नाही, असंही वाटायचं. शेवटी कंटाळून मी माघात दोघींना काकींच्या ओटीवर समोरासमोर बसवलं आणि म्हटलं, आज मिटवा.

अर्धा तास मीच बोलले. काकी चहा ठेवायला आत गेल्या. पोरगी उठली, मागच्या अंगणात गेली आणि पिशवीतल्या कात्रीने दोरी कापली. मी ते पाहिलं आणि गप्प बसले. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. म्हटलं, कटकट तर संपली.

चहा होईपर्यंत गाय नाहीशी झाली. काकी बाहेर आल्या, कापलेली दोरी पाहिली, आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तशाच अनवाणी उतारावरून धावत सुटल्या. शेजारच्या वालाच्या शेतात बघा, असं मी मागून ओरडत होते. त्या थेट घाटरस्त्याकडे गेल्या, मागोमाग आम्ही दोघी.

गाय वळणावर, रस्त्याच्या मधोमध उभी होती. तिच्यापासून चार पावलांवर एक ट्रक कचकन ब्रेक मारून थांबलेला. ड्रायव्हर शिव्या घालत होता. काकींनी गाईच्या मानेला मिठी मारली ती सोडेनातच. पोरीने एका हाताने त्यांना सावरलं, दुसऱ्याने गाईला कडेला ओढलं.

"हिची आय हितंच गेली गो," काकी तिला म्हणाल्या. "गाडीखाली. माजी पोरं हितं असती तर राखली असती. कोण हाय राखायला?"

पोरगी रडायला लागली. मग डोळे पुसून म्हणाली, "पण काकी, तिचे गुडघे."

"दिसतात ना मला. रोज हळद लावतंय."

घरी आल्यावर मलम निघालं, जुन्या गोधडीची चिंधी निघाली. ओंडक्याला चिंधी गुंडाळली, दोरी चार बोटं आखूड केली. गाईचं तोंड पोरीने धरलं, गाठ काकी मारत होत्या. वर घे, थोडं खाली, असं दोघींचं चाललं होतं.

मला राहवेना. मी जरा रागानेच म्हटलं, "काकी, वर्षभर मी मरमर करतेय. हिच्या आईचं एकदा तरी सांगायचंत मला."

काकींनी मान वर केली नाही. गाठ ओढून पाहिली.

"तू इचारलंस कदी?" त्या म्हणाल्या. "येशील तवा सांगतच व्हतीस."