माळ्यावरचं वायफाय

“दादानं माझं नेट कापलं!”

धाकट्या मालकांची आरोळी अशी होती की कारखान्यातले माग थबकले आणि दोरीवरचे टॉवेल वाळायचं विसरले. भिंतीपलीकडून थोरल्या मालकांचीही तीच बोंब आली. माझंच नेट त्यानं कापलंय, म्हणे. वर माळ्यावर आमचे अण्णा मात्र कॉम्प्युटरवर टॉवेल फिरवत बसले होते. काही बोलायचं झालं की आधी ते तो कॉम्प्युटर पुसायचे. इतके लाड सोलापुरात कुणी लेकराचे केले नसतील.

तुम्ही आमच्याकडं टॉवेल घ्यायला आला असाल तर ती भिंत पाहिली असेल. वाटणीनंतर दोघा भावांनी कारखान्याच्या मधोमध बांधलेली. इतकी जाड की तिच्यात तिसरा भाऊ मावला असता. मी धाकट्यांचा कारकून. कॉम्प्युटर आणि नेट सांभाळणारे अण्णा तेवढे दोघांचे. दोघांनीही त्यांना बजावलं होतं, त्याच्या नेटशी माझा संबंध दिसला, तर त्या दिवशी तुम्ही घरी.

“देतो की वेगळं,” अण्णा दोघांनाही म्हणाले. मग त्या लिनक्सवाल्या जुन्या कॉम्प्युटरला बोटाएवढा वायफाय अडॅप्टर खोचून त्या एकातूनच त्यांनी दोन नेटवर्क सोडली. एकाचं नाव ‘थोरले टॉवेल’, दुसऱ्याचं ‘अस्सल टॉवेल’. दोन अडॅप्टर कशाला, दोन्ही पुसत बसावे लागतात, असं त्यांचं शास्त्र. इकडं धाकटे गावभर सांगत सुटले, दादापेक्षा आपलं नेट लई पळतं.

ती आरोळी उठली त्या दिवशी थोरल्यांना गिऱ्हाइकांसाठी तिसरं नाव हवं झालं होतं. अण्णांनी ते जोडलं, सगळं बंद करून पुन्हा चालू करायला घेतलं आणि तेवढ्यात आधीची दोन्ही नावं एकदमच गायब झाली.

भाऊ दोन बाजूंच्या दोन जिन्यांनी माळ्यावर धडकले. समोर एक कॉम्प्युटर, एक अडॅप्टर.

“दुसरा कुठाय?” थोरल्यांनी विचारलं.

अण्णांनी टॉवेल फिरवला. “एकच हाय की मालक. नावं तेवढी वेगळी.”

“उद्यापासून येऊ नका.”

“माझ्या माणसाला तू कोण काढणार?” धाकटे कडाडले.

“मग तू काढ.”

“तू सांगतोस म्हणून? मुळीच नाही.”

अण्णांची नोकरी अशी वाचली. तोवर तिन्ही नावं परत आली होती. भाऊ मात्र भांडत भांडत एकाच जिन्यानं खाली उतरले.

यंदा अण्णा दुधनीला लेकीकडं राहायला गेले. कॉम्प्युटर माळ्यावर चालूच आहे, शेजारी घडी घातलेला टॉवेल. परवा मी धाकट्यांना म्हटलं, आता तरी आपला वेगळा अडॅप्टर घ्या.

त्यांनी टॉवेल उचलून कॉम्प्युटर पुसला.

“नाव वेगळं हाय की,” म्हणाले.