रंगराव पटवाऱ्याला पाठवलेली कार्डं

घर सोडलं त्या सकाळी बाप मला एवढंच म्हणाला, "चिठ्ठी भिजू दिऊ नको." नीट खा, जपून राहा, असलं काही नाही. माय एकीकडे भाकरी आणि जवसाची चटणी बांधत होती आणि एकीकडे रडत होती, तिच्याकडेही त्याचं लक्ष नव्हतं. त्यानं आपल्या पटक्याची पट्टी फाडली, रंगराव पटवाऱ्यानं दिलेलं बंद पाकीट तिच्यात गुंडाळलं आणि माझ्या छातीशी, सदऱ्याच्या आत बांधलं. गावाखालच्या ओढ्याला मांडीभर पाणी होतं. मी पाकीट काढून डोक्यावर धरलं आणि पलीकडे गेलो. मागे वळून पाहिलं तर बाप काठावर उभा राहून हातानं खुणावत होता, आणखी वर धर, आणखी वर.

आमच्या गावी, बोरदरीत राहिलेल्यांना आणि माझ्या मागून पूर्णेला आलेल्यांना ही गोष्ट तुकड्यातुकड्यानं माहीत आहे. परवा एका लग्नात कुणीतरी माइक धरून म्हणालं की किसनमामांनी गावच्या पोरांचं कल्याण केलं, आणि मला शाल पांघरली. शाल ठेवून घेतली, चांगली उबदार आहे. पण ते बोलणं खोटं होतं. मी कुणाचंही कल्याण करायला निघालो नव्हतो. मला एका माणसाचं वाटोळं करायचं होतं, त्यात तुमचं भलं होऊन गेलं.

तो माणूस रंगराव पटवारी. गावाची सगळी जमीन त्याच्या दप्तरात होती. तांबड्या फडक्यात बांधलेला तो कागदांचा गठ्ठा गावातून जिंतूरच्या तहसिलीपर्यंत डोक्यावर वाहायचं काम गावातल्या एखाद्या पोरानं करायचं, हा रिवाज. त्याबद्दल काही मिळत नसे, आणि मागायचं असतं हेही कुणाला ठाऊक नव्हतं. बाराव्या वर्षापासून ते गाठोडं माझ्या डोक्यावर होतं. शाळा नव्हती, धंदा नव्हता. माझ्या वयाची पोरं चावडीच्या ओट्यावर बसून राहायची आणि रंगरावानं हाक मारली की उठायची, एवढाच आमचा उद्योग.

पूर्णेला रेल्वेच्या शेडमध्ये पोरं घेतात, त्यांना काम शिकवतात, ही बातमी मानवतच्या बाजारात बापाला कळली. निजाम सरकारच्या राज्यात अशा नोकरीला माणूस मुल्की, म्हणजे रियासतीतलाच, लागत असे, आणि तसा दाखला पटवाऱ्यानं द्यायचा. बाप रंगरावाच्या ओट्याशी चार दिवस हात जोडून उभा राहिला. पाचव्या दिवशी त्यानं पाकीट दिलं, बंद करून, वर उर्दूत पत्ता घालून. बापाला वाटलं, सोनं मिळालं.

पूर्णेच्या शेडमधल्या कारकुनानं ते फोडलं, वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा वाचलं. मग शेजारी उभ्या असलेल्या करीम मिस्त्रीला दाखवलं. मिस्त्री हसला नाही. म्हणाला, "अरे, ये तेरेच गले का फंदा है, और तूच लेको आया?"

रंगरावानं लिहिलं होतं की हा मुलगा वऱ्हाडात, इंग्रजी मुलखात जन्मला, म्हणून गैरमुल्की आहे.

आणि ते खरं होतं! आमचं गाव शिवेवरचं. टेकडीच्या अलीकडे निजाम, पलीकडे इंग्रज. पण सोयरीक करताना कोण टेकडी बघतो? आमच्या निम्म्या सुना पलीकडच्या. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. म्हणजे बोरदरीतल्या निम्म्या घरांचा थोरला मुलगा मामाच्या गावी, इंग्रजी राज्यात जन्मलेला. मायेनं रीत पाळली आणि रंगरावानं त्या रीतीचा मला फास केला. जो कागद मी डोक्यावर धरून, पाण्यापासून जपून आणला, तो ओढ्यातच वाहून गेला असता तर बरं झालं असतं.

मी गावी परत गेलो नाही, निरोप धाडला. बाप रंगरावाकडे विचारायला गेला. तो काय म्हणाला ते बापानं मला महिन्याभरानं जिंतूरच्या बाजारात भेटला तेव्हा सांगितलं, आणि सांगायला नको होतं. रंगराव म्हणाला, "मी खोटं काय लिहिलं? आणि एक गेला की रांग लागते, विठोबा. मग दप्तर कोण उचलणार?"

"जाऊ दे," बाप मला म्हणाला, "मोठ्या मानसासंगं वाकडं नगं. तेच्या हातात जिमीन हाय." तेव्हा मला रंगरावाइतकाच बापाचाही राग आला. पण डोक्यात ते एकच वाक्य राहिलं. एक गेला की रांग लागते. म्हटलं, बघच आता कशी लागते.

शेडच्या बाहेर कोळशाच्या ठेकेदाराकडे दाखला लागत नसे. तिथं मी घमेली उचलली. करीम मिस्त्रीनं माझ्यात काय पाहिलं कुणास ठाऊक. जुम्म्याच्या सुट्टीला तो मला शेडमागच्या लिंबाखाली बसवायचा आणि कोळशाच्या वाघिणीवर खडूनं अलिफ, बे काढून दाखवायचा. मला शिकायचं होतं ते नोकरीसाठी नव्हे. पुन्हा कुणी माझ्या हातात मला न वाचता येणारा कागद देऊ नये म्हणून. त्याच लिंबाखाली मिस्त्रीनं मला कायदाही सांगितला. बाप मुल्की तर लेक मुल्की, जन्म कुठंही होवो. रंगरावाला हे ठाऊक नव्हतं असं कुणी म्हणेल तर त्यानं माझ्यासमोर म्हणावं.

दोन वर्षं जिंतूरच्या तहसिलीत हेलपाटे घातले. अर्ज माझ्या हातानं, उर्दूत लिहिला. बापाची आणि आज्याची जमीन बोरदरीची आहे याचा पुरावा मागितला, तेव्हा तहसिलीतून रंगरावालाच हुकूम सुटला की दप्तरातून नक्कल काढून द्या. त्याचं अक्षर त्याच्याच अक्षरानं खोडलं गेलं. मी शेडमध्ये खलाशी, म्हणजे मिस्त्र्याच्या हाताखालचा गडी म्हणून लागलो, पुढं फिटर झालो. भरती झालो त्या दिवशी सरकारी टपालाचं एक कार्ड घेतलं आणि उर्दूत लिहिलं: जनाब रंगरावजींना सलाम. आपल्या गावचा किसन आज कामाला लागला. रांग सुरू झाली आहे.

त्यानंतर मी गावाकडे नजर लावून बसलो. माझ्यामागं दप्तर उचलायला पांडू लागला होता, विधवेचा मुलगा. मी त्यालाच आधी काढला. पूर्णेच्या माझ्या खोलीवर आणला, आणि मिस्त्रीनं मला जे दिलं ते त्याच्या टाळक्यात घातलं. आधी अक्षरं, मग कानस. शेडमध्ये पोरगं घेण्याआधी त्याच्या हातात लोखंडाचा ओबडधोबड तुकडा आणि कानस देत, आणि सपाट करून दाखव म्हणत. आमची पोरं विळ्याला सरावलेली. विळा मनगटात खेळतो, कानस खेळू लागली की घात. ती पुढं मागं झोके घेते, कडा जास्त घासल्या जातात आणि लोखंडाला मधोमध पोट येतं. गुण्या, म्हणजे काटकोनाची लोखंडी पट्टी, लावून उजेडाकडे धरलं की पोट दिसतं आणि पोरगं घरी जातं. पांडूनं भंगारातले किती तुकडे पोटुशे केले त्याला गणती नाही.

"मामा, मह्या हाताला लोकंडाची सवं न्हाई," तो रडकुंडीला येऊन म्हणायचा.

"तुह्या डोक्याला दप्तराची सवं हाय का? मंग जा परत," मी म्हणायचो. तो पुन्हा कानस उचलायचा.

आणखी एक गोष्ट मी प्रत्येकाकडून पाठ करून घ्यायचो. कारकून विचारायचा, पैदाइश कहां की? आमचं पोरगं भाबडेपणानं सांगायचं, मामाच्या गावची, आणि तिथंच संपायचं. मी शिकवलं, छाती काढून उत्तर द्यायचं: बाप बोरदरीचा, आजा बोरदरीचा, शेत बोरदरीत. मामाचं नाव तोंडातून काढायचं नाही. पांडू लागला तेव्हा दुसरं कार्ड गेलं. जनाब रंगरावजी, रांग पुढं सरकली.

दप्तराला नवा पोरगा लागला की त्याच्यावर माझा डोळा. कधी त्याच्या आईला निरोप, कधी मीच जिंतूरला जाऊन मोटारच्या अड्ड्यावर गाठायचा. प्रत्येकासाठी तहसिलीतून हुकूम, प्रत्येकासाठी रंगरावानं चष्मा लावून आपल्या हातानं नक्कल काढायची. त्याची बोटं दुखत असतील या विचारानं मला गोड झोप लागे. मिस्त्री एकदा म्हणाला, पोरांना शिकवायलाय की कुणाची कबर खोदायलाय? मी म्हटलं, दोन्ही कामं एकाच कुदळीनं होतात. त्याला ते आवडलं नाही. पुढचा जुम्मा तो लिंबाखाली आलाच नाही.

अकरा पोरं काढली मी. कार्डं बारा, पहिलं माझं धरून. एकालाही उत्तर नाही.

शेवटच्या पोराच्या वेळी बाप स्वतः पूर्णेला आला. क्वार्टरच्या दारात बसून त्यानं चहा बशीत ओतला, फुंकला आणि म्हणाला, "रंगराव आता सोताच दप्तर वाहायलाय. म्हातारं मानूस, बरं न्हाई दिसत."

मी हसलो. इतका हसलो की शेजारचे डोकावले.

बाप बशीकडेच पाहत होता. "बास कर किसना. गावात पोरगं दिसंना. सांजच्याला चावडीवर लय भकास वाटतंय." त्याला मी म्हटलं, तूही इथंच राहा. तो म्हणाला, बैल कुणाच्या दावणीला बांधू? आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं गेला. स्टेशनावर मी पाया पडलो तेव्हा माझं लक्ष त्याच्याकडे नव्हतं. मी मनात पुढचं कार्ड जुळवत होतो.

मग अठ्ठेचाळीस सालचा तो पावसाळा आला. रझाकारांच्या भीतीनं शिवेवरची गावं रिकामी झाली. बोरदरीची माणसं टेकडी ओलांडून वऱ्हाडात, आपापल्या सोयऱ्यांकडे गेली. माय तिच्या माहेरी गेली. म्हणजे ज्या मामाच्या गावाचं नाव मी पोरांना तोंडातून काढू देत नव्हतो, त्यानंच सगळ्यांना पोटात घेतलं. बाप गेला नाही, बैलांसाठी. दोघं म्हातारे गेले नाहीत, टेकडी चढवत नव्हती म्हणून. महादू गुरव देवासाठी थांबला. आणि रंगराव दप्तर टाकून जाईना.

आम्ही बाराच्या बारा जण पूर्णेत अडकलो. गाड्या बंद, रस्त्याचा भरवसा नाही. अशात एका गाडीवानानं मला एक कार्ड आणून दिलं. इतक्या पावसातून आलं, पण शाई कुठं फुटलेली नव्हती. अक्षर मी ओळखलं. उर्दूत लिहिलं होतं, म्हणजे मला दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावं लागू नये. ती दया होती की सूड, ते तोच जाणे.

तुझे वडील मंगळवारी सकाळी तापानं वारले. गावात मी धरून चौघंच पुरुष उरलो होतो. चौघांनी खांदा दिला. अग्नी महादू गुरवानं दिला.

बस, एवढंच. खाली सही.

ज्यानं आपल्या ओट्याच्या पायरीवर आम्हाला कधी चढू दिलं नाही, तो आपलं सोवळं गुंडाळून, ओल्या वाटेनं, माझ्या बापाचं ओझं खांद्यावर घेऊन मसणात गेला. मी ते कार्ड दहादा वाचलं. मला रडू आलं नाही, नुसता संताप आला. बापाचा खांदा माझा होता, तोही त्यानं घेतला!

पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, गाड्या सुरू झाल्या, तसा मी गावी गेलो. त्याला काय काय ऐकवायचं ते मी बारा वर्षं घोटून ठेवलं होतं. रंगराव चावडीवर एकटाच बसला होता, दप्तर मांडीशी घेऊन. एक खांदा कललेला. मी समोर उभा राहिलो. ते फसवं पाकीट, बापाचे जोडलेले हात, सगळं त्याच्या तोंडावर फेकायचं होतं. तोंडातून निघालं एवढंच, "तुम्ही का उचललं माझ्या बापाला?"

त्यानं चष्मा काढला. "माणसं कुठं होती, किसना?" तो म्हणाला. "चौघं तरी ठेवायचे होतेस."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. मी तसाच वळलो, ओढा ओलांडला आणि जिंतूरची वाट धरली.

त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. रंगराव गेला, त्याच्या मयतीला मी गेलो नाही, आणि जायला हवं होतं असं मला अजूनही वाटत नाही. तुम्ही अकरा जण माझ्या आसपास आहात. तुमची पोरं सिकंदराबादेत ड्यूटीवर आहेत, पेन्शन, फॅमिली पास, क्वार्टर असं बोलत तुम्ही माझ्या दारावरून जाता. मी आजारी पडलो तर अर्ध्या तासात अंगण भरतं. घर म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर मी एवढंच सांगेन की जिथं उचलायला आपली चार माणसं असतात ते. या हिशेबानं माझं घर पूर्णेत आहे, आणि ते मी बापाच्या घरातले खांब काढून बांधलं.

पाकिटाबद्दल मी रंगरावाला माफ केलेलं नाही. त्याची फेड मी पुरेपूर केली, तिथं काही बाकी नाही. पण त्यानं माझ्या बापाला खांदा दिला, त्याची फेड कशी करायची ते मला आजवर सुचलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर एक कार्ड टाका.