झाडाखाली पडणारी पिल्लं

माझी आई इस्पितळाचं आवार झाडायची. आवारातल्या जुनाट झाडावर दरवर्षी राखी बगळे उतरायचे. थंडी सरली की कुठल्याशा लांबच्या पाणथळीवरून यायचे, गेल्या वर्षीच्याच घरट्यांवर नव्या काटक्या रचायचे आणि पिल्लं उडती झाली की चालते व्हायचे. मधले चार महिने आईच्या नशिबी शिट, सडके मासे आणि मेलेली पिल्लं.

ती पिल्लं वाऱ्यानं पडत नसत. बगळ्याची अंडी एकदम फुटत नाहीत, दोन-दोन दिवसांनी फुटतात. आधी निघालेलं अंगानं दांडगं होतं, मागाहून निघालेल्याच्या डोक्यात चोची मारून रक्त काढतं आणि शेवटी त्याला खाली लोटतं. आईबाप घरट्याच्या काठावर ढिम्म उभे.

"अगं मेले, तुझंच आहे ना ते?" आई खराटा उगारून वर बघत ओरडायची. खिडकीतले पेशंट हसायचे.

घरी दादा मला मारायचा. बाप कधीच वारला होता आणि दादा सहा वर्षांनी मोठा. पट्टा, तवा, हाताला लागेल ते. आई भाजी ढवळत राहायची. मला दादापेक्षा तिचाच राग जास्त यायचा, आजही येतो. एकदा विचारलं तर म्हणाली, "भावाभावांचं आहे, मी काय मध्ये पडू?"

त्या दिवशी एक पिल्लू तिच्या पुढ्यात पडलं ते जिवंत होतं. एक डोळा फुटलेला. तिनं उचललं, तर हातातच मेलं. झाडलोट अर्धी टाकून, खराट्यासकट ती घरी आली. दादानं माझा गळा धरून मला भिंतीशी दाबलं होतं आणि माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली होती. तिनं खराट्याचा दांडा त्याच्या मनगटावर हाणला. हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. दुसरा पाठीत. दादा बोंबलत खाली बसला.

मला चेव चढला. मी त्याच्या तोंडावर लाथा घातल्या, दात पडला तरी थांबलो नाही. मग तोच दांडा माझ्या नडगीवर बसला.

दोघांना पुढे घालून ती इस्पितळात गेली. डॉक्टरांनी विचारलं, "कुणी मारलं यांना?"

"मीच," आई म्हणाली. "पण फार उशिरा मारलं."

दात मी पाडला होता. मी गप्प बसलो. दादाच्या तोंडातून रक्त गळत होतं, पण त्यानंही माझं नाव घेतलं नाही.