पाठीचा मान

अमरखेडी संस्थान एवढंसं, की सकाळी सायकलवर निघालेला माणूस सगळं फिरून दुपारच्या जेवणाला घरी. एक गढी, थोडी गावं आणि एक तोफ. तीही उडवायला इंग्रजांची बंदी, कारण सलामी मिळण्याइतके हे राजे मोठे नव्हते. विहीर खोदायची तरी धुळ्याच्या इंग्रज एजंटसाहेबाची मंजुरी लागे. पण राजा म्हटला की घोडा आला आणि घोड्यावर चढायला पाठ आली. ती पाठ रुपचंदनानांच्या घराण्याची.

दसऱ्याला राजे सीमोल्लंघनाला निघाले की गढीच्या दारात नानांचे आजोबा ओणवे होत. राजे त्यांच्या पाठीवर पाय देऊन घोड्यावर बसत. त्याबद्दल इनामाची जमीन होती. पुढे संस्थान विलीन झालं, इनाम गेलं, घोडाही गेला. पाठ तेवढी उरली. राजांचा नातू गिरधरसिंग दसऱ्याला जीपमधून येई आणि नाना जीपपाशी ओणवे होत. जीपला पायरी होती. हे नानांना सांगायची कोणाची छाती नव्हती, मागे हसायची सगळ्यांची होती.

नानांची आवडती गोष्ट एकच. एजंटसाहेबाचा तंबू सोनगीरला पडला होता. त्याने राजांना जोडे काढायला लावून उन्हात ताटकळत ठेवलं, आत खुर्चीही दिली नाही. परतताना घोड्यावर चढणाऱ्या राजांची टाच आजोबांच्या बरगडीत अशी रुतली, की पुढे कितीतरी दिवस ते एकाच कुशीवर झोपत.

"राजाना अपमान सगळासना पहिले आमनी पाठले समजे," नाना सांगत, आणि सांगताना ताठ होत. एरवी ते ताठ होत नसत. कंबर तोवर कामातून गेली होती.

म्हणून चौऱ्याण्णवच्या दसऱ्याआधी त्यांनी मुलाला, कौतिकला, समोर बसवलं. कौतिक दोंडाईच्याला मिरचीच्या वखारीत दिवाणजी होता.

"आते तुनी पाळी शे."

"नाना, मी पँटवर ओणवा व्हसू का?"

"धोतर मी देसु."

"मना पोऱ्या शाळामा जास. त्याले पोरे पायरी म्हनतीन."

"ते नाव पडेलच शे," चुलीपासून कौतिकची आई वच्छलाबाई म्हणाल्या. "गावमा आपला घरले पायरीच म्हनतस."

कौतिकने साफ नकार दिला. "मंग मीच जासु," नाना म्हणाले. "मरसु तं तठेच."

त्या वर्षी निवडणूक तोंडावर होती आणि गिरधरसिंगला तिकीट हवं होतं. त्याने दोंडाईच्याहून वरातीचा घोडा भाड्याने आणला, धुळ्याहून फोटोग्राफर आणला. नाना धुतलेलं धोतर नेसून भिंत धरत धरत गढीपाशी पोचले. त्यांना परत न्यायला कौतिक मागोमाग आला. पाहतात तर घोड्याशेजारी लाल प्लास्टिकचं स्टूल.

"नाना, आता ते शोभत नाही," गिरधरसिंग गोड आवाजात म्हणाला. "फोटो पेपरात जायचाय. लोक म्हणतील, माणसाच्या पाठीवर पाय देतो."

"पन राजेसाहेब, आमना मान?"

कौतिकला खरं तर हेच हवं होतं. ही कटकट एकदाची संपावी म्हणून तो नवससुद्धा बोलला असता. पण तोंडून निघालं भलतंच. "चार पिढ्यांची पाठ आहे, साहेब. आधी सांगायचं तरी होतं."

"अरे, मान कुठे जातोय?" गिरधरसिंगने पायाने स्टूल चाचपलं. "हे हलतंय बघा. नाना, तुम्ही धरा."

कौतिकने बापाचा दंड पकडला. "नाना, घर चाला."

नानांनी तो हळूच सोडवला. गुडघे वाकेनात, म्हणून घोड्याचं खोगीर धरून ते खाली बसले आणि दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरलं. "बाबा, डोकं खाली घ्या, फ्रेममध्ये येतंय," फोटोग्राफर म्हणाला. नानांनी डोकं खाली घेतलं. राजे चढले. बाजा सुरू झाला.

बापाला काखेत धरून कौतिकने उठवलं. धोतराची धूळ झटकली. दोघं घराकडे निघाले. अर्ध्या वाटेत नाना थांबले, आणि त्यांचा चेहरा खरोखरच उजळला होता.

"पुढला साल स्टूल तू धर," ते म्हणाले. "यामा वाकनं बी पडत नही."

कौतिकने घड्याळात पाहिलं. त्याला दोंडाईच्याची एस.टी. गाठायची होती.