त्या पानावर दिसणारा भाऊ

लेक शिकायला परगावी असते. मोबाइल उघडला की तिच्या नावाखाली बारीक अक्षरांत उमटतं, ती शेवटची कधी दिसली ते. सकाळची वेळ दुपारपर्यंत तशीच राहिली की मी पुन्हा पुन्हा मोबाइल उघडून बघते. घरातले हसतात, म्हणतात, कॉलेजात असेल, झोपली असेल. असेलही. पण ही भीती मला फार कोवळ्या वयात लागली आणि त्या वयात लागलेलं काही सुटत नाही, मग ते व्यसन असो की भय.

तेव्हा आम्ही नेकनूरला राहायचो. अण्णांचं भांड्यांचं दुकान होतं आणि मी एसटीने बीडला कॉलेजात जायचे. देशाची दारं जगाला उघडली म्हणत. त्यातलं एखादं किलकिलं होऊन बीडच्या बाजारात सायबर कॅफे म्हणून आलं होतं. माझा थोरला भाऊ त्या दारातून आत शिरला तो मनाने परत आलाच नाही. देशोदेशीची माणसं एकत्र खेळतात असा कसलासा खेळ होता आणि त्यात भावाचा एक योद्धा होता, हिरव्या झग्यातला. कॅफेतलं नेट खेळाला पुरेनासं झालं की तो त्या खेळाची अधिकृत वेबसाइट उघडून बसे. तिथे नकाशे होते, कुठलं शस्त्र कुणाला पेलेल याचा हिशोब करून देणारी सोय होती, आणि प्रत्येक योद्ध्याचं स्वतःचं पान होतं. त्याची पायरी कितवी, अंगावर काय, आणि शेवटचा कधी दिसला. "खेळ येत नसंल तरी चालतंय, हे पान कुणालाबी बघता येतं," त्याने मला एकदा दाखवलं होतं, बाजारातून आणलेली बैलजोडी दाखवावी तशा कौतुकाने.

इंजिनिअरिंगला तो पुन्हा नापास झाला तेव्हा अण्णांच्या तोंडून नको ते निघालं. "त्या खेळातल्या गड्यालाच माग भाकर. ह्या घरात पाय ठिवू नको." भाऊ सकाळच्या गाडीने निघून गेला. फोन बंद. मित्रांना विचारून झालं, पावण्यारावळ्यांत शोधून झालं, पोलिसांत कळवून झालं. अण्णा पेपर आला की आधी अनोळखी प्रेतांच्या बातम्या शोधत आणि वाचून झाल्यावर पेपर गादीखाली सरकवत. आईची अन्नावरची वासनाच उडाली. अशात मला ते पान आठवलं.

कॉलेज सुटल्यावर मी कॅफेत जाऊन बसायला लागले. ते पान वरून खाली सावकाश उतरायचं. आधी शिरस्त्राण, मग खांदे, मग झगा; आणि मला हवी असलेली ओळ नेमकी सगळ्यांत खाली. ते दिवस भारनियमनाचे. कधी पान छातीपर्यंत उतरलेलं असायचं आणि वीज जायची. मी त्या काळ्या काचेत स्वतःचाच घाबरलेला चेहरा बघत बसायचे. पहिल्यांदा ती ओळ दिसली तेव्हा तारीख कालची होती. माझा भाऊ काल होता, मी मनात म्हणाले, आणि रडले.

"कुठं हाय म्हणून लिवलंय का?" आईने घरी विचारलं.

"न्हाई. पण हाय."

त्या दिवशी तिने अर्धी भाकरी खाल्ली. पुढे योद्ध्याची पायरी वाढत गेली, नवी ढाल आली, आणि आई मला भावाची तब्येत विचारावी तशी त्या ढालीबद्दल विचारू लागली.

एका दुपारी पानावर तारीखच नव्हती. आत्ता खेळात आहे, असं लिहिलं होतं. भावाचा जिवलग मित्र, फळवाल्यांचा मुलगा, तिथेच कोपऱ्यात खेळत होता. त्याच्याकडून खेळातच निरोप धाडावा म्हणून मी धावले. त्याच्या पडद्यावर हिरवा झगा चालत होता.

त्या पोरांची एक रीत होती. परीक्षा असो, लग्न असो, कुणी गावाला निघाला की पासवर्ड मित्राकडे ठेवून जायचा. जनावरं शेजाऱ्याच्या दावणीला बांधून जावं तसं. योद्धा मागे पडू नये म्हणून. भाऊही तसाच ठेवून गेला होता. एवढे दिवस मी ज्याला भाऊ समजत होते तो हा होता. म्हणजे माझ्या भावाची खबर कुणालाच नव्हती.

"ताई, मी बंदच करणार होतो," तो मान खाली घालून म्हणाला. "तुमचे अण्णा त्याला हुडकत आलते हितं, मला खेळताना बघितलं त्यांनी. म्हणले, चालू ठिव. त्याच्या आईला दिसू दे."

मी तशीच दुकानात गेले. "कावून आलीस मधीच?" अण्णा म्हणाले.

"अण्णा, तुमाला काय कळलंय का त्याचं?"

"काय बी न्हाई." ते एक तांब्या पुसत राहिले. "मला लई भ्या वाटतंय गं. तिला तरी नको."

त्यानंतर घरात दोन भीती नांदू लागल्या. आई ढाल-तलवारीत भाऊ बघायची आणि आम्ही बाप-लेक तिच्या ताटाकडे बघायचो, एकमेकांकडे न बघता.

मग एका सकाळी तो मित्र नेकनूरला आला, धापा टाकत, सरळ दुकानात. मी अण्णांचा डबा घेऊन तिथेच होते. "अण्णा, पासवर्ड चालंना. कुणीतरी बदललाय. तो बदलायचा म्हंजी त्याच्याच ईमेलवरनं बदलावा लागतो. मला आता आत जाताच येईना," म्हणताना त्याला रडू फुटलं.

माझ्या मनात पहिली आली ती शंकाच. चोरानेही बदलला असेल. असल्या चोऱ्या होतात असं भावाकडूनच ऐकलं होतं. मी तसं बोलणारही होते. पण अण्णा मटकन खाली बसले होते. एवढा आडदांड माणूस, गिऱ्हाइकासमोर, धोतराच्या सोग्यात तोंड घालून रडत होता.

पुढे एक दिवस भाऊ घरी आला. वाळलेला, गालफडं बसलेली, पण आला. कुठे होतास, हे आम्ही कधी विचारलं नाही. आता अण्णा नाहीत, आईही नाही, ती वेबसाइटसुद्धा केव्हाच बंद झाली म्हणतात. माझी भीती तेवढी शाबूत आहे. ती अनावर झाली की मला त्या सकाळचे अण्णा आठवतात, डोळे पुसत त्या पोराला समजावणारे:

"आत जाता येईना म्हणून रडतोस कावून, बे? आतून कडी लागलीय. म्हंजी आत माणूस हाय."