कॅरॅव्हॅनला गेलेला तडा

"कुठेतरी पुट्टी लावतायत," हे म्हणाले. अल क्वोज या गॅरेजांच्या वस्तीतून मी त्यांना हाताला धरून नेत होते. त्या उग्र वासाने मला आमची गाडीमागे जोडायची कॅरॅव्हॅन आठवली.

रिव्हर्स घेताना यांनी ती खांबावर घासली होती. उन्हात पुट्टी बघता बघता दगड होते, म्हणून हे घाईघाईने तडा बुजवत होते. पण पुट्टी लागत होती वीतभर बाजूला, धड भागावर.

"अहो, तडा इकडे आहे!"

"दिसतंय गं मला." मग बोटांनी चाचपत त्यांनी तो शोधला. "हं, खलास!"

मला वाटलं, उन्हाने डोळे दिपले असतील.

स्टिअरिंगला कुणाला हात लावू न देणाऱ्या माणसाने त्या दिवशी निघताना किल्ली माझ्यापुढे धरली. "आजपासून तूच चालव."

आणि मी वेडी, हरखून गेले.