माधवरावांच्या यादीत नसलेला बोंबील

समस्त नातेवाईक, शेजारी आणि चिखले गावच्या कावळ्यांना कळवण्यात येते की, हयातभरात एकही चूक कबूल न केलेले माझे साडू, शास्त्रज्ञ माधवराव, गेल्या महिन्यात निवर्तले. पिंडाला कावळा लगेच शिवला. त्याच्याशी वाद घालायला माधवराव नव्हते ना...

माणूस हुशार होता, हे नाइलाजाने लिहितो. उभं आयुष्य रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत गेलं. यंत्राने नमुन्यातल्या प्रथिनांचे तुकडे मोजायचे आणि ती प्रथिनं कोणत्या जिवाची हे संगणकाने सांगायचं, असा प्रोग्रॅम त्यांनी लिहिला होता. निवृत्तीनंतर चिखल्याला येऊन ते आम्हालाच तपासू लागले. माझ्या बायकोच्या आमटीत मीठ जास्त आहे, हे ते वाटी तोंडाला लावण्याआधी सांगत.

नोटाबंदीच्या पुढच्या पावसाळ्यात पाळी आली वरोरच्या हिराबाईंची. डहाणूच्या बाजारात त्या सुक्या बोंबलाची चटणी विकत. माधवरावांनी चिमूटभर चटणी जुन्या प्रयोगशाळेत पाठवली आणि निकाल येताच भर बाजारात गरजले, "बाई, यात बोंबील नाहीच! भलताच मासा आहे!"

"माझ्या हाताने दांडीवर सुकवते, दादा. वरोरला येऊन बघा."

"मी बघत नाही. मी मोजतो."

शास्त्रज्ञापुढे कोळणीचं कोण ऐकणार? गिऱ्हाईक तुटलं. दिवाळीपर्यंत हिराबाईंनी डहाणू सोडलं आणि कोणी ओळखत नव्हतं त्या वाणगावला जाऊन बसल्या. मग दोन वर्षांपूर्वी एका दुपारी चहा पिता पिता माधवराव म्हणाले, "अहो, प्रोग्रॅमच्या यादीत बोंबीलच नव्हता. यादीत नसलेला मासा आला की तो जवळचं नाव ठोकून देतो."

"मग चला, बाजारात सांगू."

"कशाला? नव्या आवृत्तीत दुरुस्ती केलीय."

मी काय बोलणार... साडू पडलो.

डहाणूतल्या शोकसभेला मी हिराबाईंना मुद्दाम बोलावलं. तलासरीहून आलेले एक प्राध्यापक म्हणाले, "सरांनी एकही चूक तशीच राहू दिली नाही." मी याचीच वाट पाहत होतो! उठलो, तसबिरीला वाकून नमस्कार केला आणि यादीची गोष्ट रंगवून रंगवून सांगितली. आता हिराबाई डोळे पुसतील, मला हात जोडतील, अशा अपेक्षेने मी वळलो.

हिराबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं? मग दोन वर्सं तुमची जीभ काय दांडीवर वाळत घातलेली?"